जहाजावरचं ताट

क्रूझवर जाऊन आलेल्या माणसांकडून हल्ली एक वाक्य हमखास ऐकायला मिळतं. जहाज छान होतं, समुद्र छान होता, पण जेवण काही पूर्वीसारखं राहिलं नाही. इंग्लंड-अमेरिकेत दरवर्षी जहाजाने फिरणारी साठी-सत्तरीची जोडपी आहेत, त्यांच्या तोंडी तर ही तक्रार फार. मध्यरात्रीचा बुफे बंद झाला. जेवणाच्या शेवटी दिवे मालवून, पेटलेलं आईस्क्रीम डोक्यावर घेऊन वेटर नाचत यायचे, ते बंद झालं. मुख्य पदार्थ तिसऱ्यांदा मागितला तर काही जहाजांवर वेगळे पैसे पडतात. पाव गार, भाजी शिजून लगदा, मिठाई साच्यातून काढल्यासारखी.

आपल्यापैकी बऱ्याच जणींना त्यांच्या मांसमच्छीचं दुःख समजणार नाही, समजायचं कारणही नाही. पण 'पूर्वीची चव राहिली नाही' हे दुःख आपल्याला चांगलं समजतं. लग्नातल्या पंगती गेल्या आणि हातात थाळी घेऊन रांगेत उभं राहणं आलं, तेव्हा आपल्या सासवांनी हेच म्हटलं होतं. म्हणून ही तक्रार हसण्यावारी न नेता मी जरा मागे जाऊन बघायचं ठरवलं. पूर्वी म्हणजे नेमकं केव्हा? जहाजावरचं जेवण चांगलं होतं ते कधी, कुणासाठी, आणि ते करत कोण होतं?

सुरुवात पिठापासून करते. आपल्या घरांत पिठाला मर्यादा असते. पावसाळ्यात तीन दिवस, उन्हाळ्यात पाच, हिवाळ्यात सात. त्यापुढचं पीठ वापरायचं नाही, कारण त्यात जीव होतात. लहानपणी हे ऐकून कंटाळा यायचा. दर दोन दिवसांनी गिरणीत कोण जाणार? पण जहाजांचा इतिहास वाचायला लागलं की या मर्यादेचा अर्थ फार वेगळ्या बाजूने कळतो. समुद्रावर अन्नाचा सगळा इतिहासच मर्यादा ओलांडण्याचा आहे. किनारा सुटला की गिरणी नाही, बाजार नाही, विहीर नाही. जे बरोबर घेतलं तेच महिनोन्‌महिने पुरवायचं.

शिडाच्या जहाजांच्या काळात यावर उपाय होता तो जहाजी बिस्किटाचा. पीठ आणि पाणी, फार तर थोडं मीठ. दगडासारखं कडक होईस्तोवर भाजायचं. इंग्रजी आरमारात खलाशाला रोज एक पौंड बिस्किट मिळे, म्हणजे जवळजवळ अर्धा किलो. महिने, कधी कधी वर्षसुद्धा उलटलेलं हे बिस्किट खाण्याआधी टेबलावर आपटायचं, म्हणजे आतले किडे बाहेर पडतात. काही जण अंधारातच खात, दिसायला नको म्हणून. ताजं काहीच नसल्यामुळे हिरड्या सुजत, दात पडत, जुन्या जखमा पुन्हा उघडत. स्कर्व्ही नावाच्या या रोगाने लढायांपेक्षा जास्त खलाशी मेले. १७४७ मध्ये जेम्स लिंड नावाच्या जहाजावरच्या डॉक्टरने आजारी खलाशांना संत्री आणि लिंबं देऊन फरक दाखवला, तरी आरमाराने लिंबाचा रस सगळीकडे द्यायला पुढे जवळजवळ पन्नास वर्षं लावली. तेव्हा 'पूर्वीचं जेवण' म्हणावं तर ते हे असं होतं.

मग आगबोटी आल्या. १८४० मध्ये क्युनार्ड कंपनीची 'ब्रिटानिया' लिव्हरपूलहून अमेरिकेला जायला लागली. ताज्या दुधासाठी तिच्या डेकवर एक गाय बांधलेली असे. मला या गाईचं फार वाटतं. अटलांटिकच्या लाटांत ती बिचारी कशी उभी राहत असेल कोण जाणे. १८४२ च्या जानेवारीत चार्ल्स डिकन्स आणि त्यांची पत्नी याच बोटीने बोस्टनला गेले. डिकन्सने दुपारच्या टेबलाचं वर्णन केलंय: भाजलेले बटाटे, भाजलेली सफरचंदं, बाकी सगळं गार आणि खारवलेलं मांस. संध्याकाळी पुन्हा बटाटे, फक्त या वेळी उकडलेले. शेवटी फळं आली ती बुरसटल्यासारखी. त्या काळातल्या सगळ्यात नव्या, सगळ्यात महाग बोटीवरच्या पाहुण्याचं हे ताट. परत येताना डिकन्सने आगबोट सोडून शिडाचं जहाज धरलं.

त्याच समुद्रावर, त्याच वर्षांत, दुसरंही ताट होतं. पोटासाठी देश सोडून निघालेले आयरिश आणि इंग्रज गरीब जहाजाच्या पोटात दाटीवाटीने बसून जात. १८४२ च्या कायद्याने ठरवून दिलं की अशा माणसाला आठवड्याला सात पौंड, म्हणजे तीन किलोच्या थोडं वर, धान्य किंवा बिस्किट द्यावं आणि रोज तीनेक लिटर पाणी. कायदा करावा लागला, यावरूनच आधी काय चाललं होतं ते ओळखावं. शिधा मिळाला तरी शिजवायचा आपला आपण, डेकवरच्या उघड्या चुलीवर, रांग लावून. वादळ आलं की चूल विझायची आणि मग कच्चं पीठ कालवून खायचं. रांगेत कोण उभ्या असतील? बायकाच. कडेवर मूल, हातात पातेलं, पायाखाली हलणारी फळी.

आपली माणसंही अशीच गेली. १८३४ पासून मॉरिशसला ऊसमळ्यांवर मजूर जायला लागले, त्यांत मुंबई बंदरातून चढलेले कोकणातले मराठी लोक होते. या जहाजांवर तांदूळ, डाळ, तूप, हळद, मिरची, चिंच असा शिधा ठरलेला असे. कागदावर वाचताना घरचंच वाटतं. पण एकाच कढईतलं, सगळ्या जातीपातींना एकत्र वाढलेलं, अनोळखी हातांचं ते अन्न पहिल्यांदा तोंडात घालताना त्या बायकांना काय वाटलं असेल ते कुणी लिहून ठेवलं नाही. त्यांचे वंशज आजही तिकडे गणपती बसवतात, मोदक करतात. म्हणजे चव गेली नाही, समुद्र ओलांडून गेली.

लिहिता-वाचता येणाऱ्यांनी मात्र लिहून ठेवलंय. १८८३ मध्ये आनंदीबाई जोशी डॉक्टरीण व्हायला कलकत्त्याहून अमेरिकेला निघाल्या, तेव्हा अठरा वर्षांच्या. निघण्यापूर्वी बंगालमधल्या श्रीरामपूरला भाषण देऊन त्यांनी जाहीर केलं की आपले रीतिरिवाज, पोशाख आणि अन्न यांत आपण बदल करणार नाही. ही प्रतिज्ञा करणं सोपं होतं, बोटीवर ती पाळणं किती कठीण, हे ज्या बाईने परक्या ठिकाणी उपास न धरता उपास काढलेत तिलाच कळेल. दोन महिन्यांनी त्या न्यूयॉर्कला उतरल्या. पुढच्या चार वर्षांत पदवी मिळाली, क्षय झाला आणि त्या गेल्याही. थंडी, दगदग आणि अर्धपोटी राहणं यांतल्या कशाचा वाटा किती, हे आज मोजता येत नाही, पण त्यांच्या ताटाचा विचार केल्याशिवाय मला त्यांची गोष्ट वाचता येत नाही.

पाच वर्षांनी, १८८८ च्या ४ सप्टेंबरला, मोहनदास गांधी 'क्लाइड' नावाच्या बोटीने मुंबईहून विलायतेला निघाले. त्यांच्या आईला धास्ती होती, तेव्हा बेचरजी स्वामी या जैन साधूंनी मध्ये पडून मुलाकडून तीन व्रतं घेतली: मद्य नाही, परस्त्री नाही, मांस नाही. मग आईने परवानगी दिली. बोटीवर काय झालं ते गांधीजींनी आत्मचरित्रात सांगितलंय. काट्या-चमच्याने खाता येईना, कुठल्या पदार्थात मांस नाही हे वेटरला विचारायचं धाडस होईना. म्हणून टेबलावर गेलेच नाहीत. खोलीत बसून घरून आणलेली मिठाई आणि फळं खाल्ली. एक इंग्रज सहप्रवासी प्रेमाने सांगत होता की इथवर ठीक आहे, पण बिस्केच्या उपसागरात थंडी लागली की मांसाशिवाय जमणार नाही. उपसागर आला आणि गेला. गांधीजींनी त्या गृहस्थाकडून मांस न खाल्ल्याचं प्रमाणपत्र लिहून घेतलं, जपून ठेवलं. पुढे कळलं की मांस खाणाऱ्यांनाही असं प्रमाणपत्र मिळतं, तेव्हा त्याची किंमत उरली नाही.

ती मिठाई कुणी केली, डबा कुणी भरला, हे आत्मचरित्रात नाही. पण आपल्याला विचारायची गरज नाही.

१८९३ मध्ये शिकागोच्या सर्वधर्म परिषदेचं आमंत्रण आचार्य विजयानंदसूरी, म्हणजे आत्मारामजी महाराज, यांना आलं. साधूंचा विहार पायी, ते बोटीत बसणार कसे? म्हणून महुव्याचे वीरचंद राघवजी गांधी गेले, वय वर्षं एकोणतीस. तिथे त्यांनी जैन धर्म मांडला, अमेरिकेत पुढेही व्याख्यानं दिली. आणि इकडे आपल्याच समाजातल्या काही जणांनी समुद्र ओलांडल्याबद्दल त्यांच्यावर आक्षेप घेतले. त्या आक्षेपांच्या मुळाशी मोठा भाग अन्नाचाच होता. परक्याच्या चुलीवरचं, सूर्यास्तानंतरचं, न गाळलेल्या पाण्याचं. विलायती बोटीवर मुख्य जेवणाची घंटाच संध्याकाळी सात-आठला वाजायची. रात्रिभोजनाचा त्याग असणाऱ्याने काय करावं?

आता चुलीकडे वळू, कारण ताटाची गोष्ट चुलीशिवाय अर्धीच राहते. पी अँड ओ आणि ब्रिटिश इंडिया या कंपन्यांच्या बोटींवर साहेब-मडमांना वाढणारे, त्यांच्यासाठी रांधणारे हात मोठ्या संख्येने गोव्याचे होते. सासष्टी-बारदेशातले ख्रिस्ती तरुण. गोमांस-डुकराच्या मांसाचा विटाळ त्यांना नव्हता, म्हणून स्वयंपाकघर आणि जेवणाचा हॉल त्यांच्याकडे आला, असं कारण नेहमी दिलं जातं. गोव्यात अशा माणसाला तारवटी म्हणतात. बोटीची वाट बघत मुंबईत ते आपापल्या गावाच्या कुडीत राहत. धोबीतलाव, माझगाव, डोंगरी या भागांत गावागावांच्या नावाने कुडी होत्या. एका हॉलमध्ये भिंतीलगत पेट्या, कोपऱ्यात देव्हारा, संध्याकाळी प्रार्थना. घरी बायको शेत, म्हातारीकोतारी आणि मुलं सांभाळायची. पैशाची मनिऑर्डर यायची, माणूस वर्षा-दोन वर्षांनी.

या तारवट्यांच्या हातची करी पी अँड ओच्या टेबलावर जवळजवळ रोज असे. नोकरी संपवून विलायतेला परतणाऱ्या इंग्रजाला आता मायदेशी कुठे असली करी मिळणार, म्हणून ती गोड लागे. आपली खिचडीसुद्धा त्यांच्या न्याहारीला होती बरं का. इंग्रजांच्या तोंडी तिचं 'केजरी' झालं, डाळ गळाली आणि मासे नि उकडलेलं अंडं आलं. आजाऱ्याला, लहान मुलाला, उपासानंतर पोटाला द्यायची ती आपली खिचडी! नाव ऐकून एखादी साधी बाई ताट पुढे करायची आणि मग कपाळाला हात लावायची. पण गंमत अशी की त्या इंग्रजांनाही ती पुढे घरच्या मायेची चीज वाटायला लागली. एकाची आठवणीतली चव दुसऱ्याची मोडलेली रीत असू शकते, हे त्या केजरीवरून कळतं.

एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी बर्फाची यंत्रं जहाजांवर आली. १८८२ मध्ये 'डनीडिन' हे जहाज न्यूझीलंडहून गोठवलेलं मांस घेऊन लंडनला पोहोचलं. डेकवरची गाय सुटली. आता लोणी, दूध, फळं, फुलंसुद्धा समुद्रावर ताजी राहू लागली आणि जेवण ही कंपन्यांची जाहिरात झाली. सगळ्यांच्या बोटी सारख्याच वेगाने जातात, मग माणूस आपल्याकडे का यावा? ताटासाठी. १९०५ मध्ये जर्मन कंपनीच्या 'अमेरिका' या बोटीवर रिट्झ नावाचं खास रेस्टॉरंट निघालं, तिकिटाबाहेर वेगळे पैसे देऊन जेवायचं. 'आजकाल वेगळे पैसे मागतात' असं म्हणणाऱ्यांनी हे साल लक्षात ठेवावं. ही युक्ती शंभराहून जास्त वर्षं जुनी आहे.

'टायटॅनिक'वरही असं रेस्टॉरंट होतं. पहिल्या वर्गाच्या शेवटच्या रात्रीच्या जेवणाबद्दल सगळ्यांना माहीत असतं. मला तिसऱ्या वर्गाची यादी जास्त बोलकी वाटते. १४ एप्रिल १९१२ ची ती यादी आजही बघायला मिळते. सकाळी ओटची लापशी आणि दूध, ताजा पाव, लोणी, मुरांबा. दुपारी तांदळाचं सूप, भाजलेलं मांस, बटाटे, पुडिंग, फळं. त्यातले कितीतरी जण घरी कधी असं रोज जेवले नसतील. आणि पावाच्या शेजारी, त्या यादीत, जहाजी बिस्किट अजून होतंच. म्हणजे सत्तर वर्षांत गरिबाचं ताट खरंच सुधारलं होतं. वरच्या रेस्टॉरंटचं मात्र वेगळं झालं. तिथले आचारी आणि वेटर, बहुतेक इटालियन आणि फ्रेंच, कंपनीचे खलाशी नव्हते आणि प्रवासीही नव्हते. बोट बुडाली तेव्हा त्या साठाहून जास्त माणसांपैकी तिघंच वाचली.

दोन महायुद्धांच्या मधला काळ हा जेवणाच्या थाटाचा. १९३५ च्या फ्रेंच 'नॉर्मंडी'चा जेवणाचा हॉल ३०५ फूट लांब होता. एका वेळी सातशे माणसं बसायची. १९६२ मध्ये 'फ्रान्स' नावाची बोट निघाली, तिचं स्वयंपाकघर तर जगातल्या उत्तम फ्रेंच स्वयंपाकघरांत गणलं जाई. पण तोवर विमानं आली होती. १९५८ मध्ये जेट विमान अटलांटिकवरून उडायला लागलं आणि पाच दिवसांचा प्रवास काही तासांवर आला. 'फ्रान्स' सरकारी पैशावर चालत होती. १९७४ मध्ये तो पैसा बंद झाला आणि बोट बंदरात उभी राहिली.

आजच्या तक्रारीचं मूळ याच बोटीच्या पुढच्या आयुष्यात दिसतं. १९७९ मध्ये नॉर्वेच्या एका मालकाने ती विकत घेतली, 'नॉर्वे' नाव दिलं आणि १९८० पासून मायामीहून कॅरिबियन बेटांकडे सहलीला सोडली. तीच बोट, तोच जेवणाचा हॉल. पण आता प्रवास कुठे पोहोचण्यासाठी नव्हता. प्रवासी म्हणजे सुट्टी घेतलेली सामान्य नोकरदार माणसं. १९७७ पासून अमेरिकेत 'लव्ह बोट' नावाची मालिका लागायची, ती बघून शिक्षिका, नर्सा, दुकानदार क्रूझचं तिकीट काढायला लागले. त्यांना ओढायला कंपन्यांनी जुन्या थाटाची नक्कल केली. दिवसातून सहा-सात वेळा खाणं, मध्यरात्री बर्फाचे कोरीव हंस, पेटलेली मिठाई. 'पूर्वीचं जेवण' म्हणून आज जे आठवतं ते बहुतेक हेच, १९७० ते १९९० च्या दशकांतलं. ते खऱ्या श्रीमंतीचं नव्हतं, गिऱ्हाईक धरून ठेवण्याचं होतं.

पुढे जहाजं मोठी झाली आणि तिकिटं त्या मानाने स्वस्त. २०२४ मध्ये निघालेल्या 'आयकॉन ऑफ द सीज'वर ७,६०० पर्यंत प्रवासी मावतात. आपल्याकडे तालुक्याच्या एखाद्या छोट्या गावाची ही वस्ती. एवढ्यांना दिवसातून तीन-चारदा जेवू घालायचं म्हणजे भाज्या आधी चिरलेल्या, रस्से आधी बांधलेले, पाव बाहेरून अर्धा भाजून आलेला, असं होणारच. आपणही पन्नास माणसांच्या स्वयंपाकात जी फोडणी करतो ती पाच माणसांची नसते. शिवाय कंपनीचा मोठा नफा तिकिटापेक्षा दारू, जुगार, बंदरावरच्या सहली आणि वेगळ्या पैशांच्या रेस्टॉरंटांतून येतो. तिकिटातलं जेवण हा नुसता खर्च उरतो. खर्च कमी करायचा म्हटलं की हात तिथेच पहिला जातो. फुकटचा हॉल जितका साधारण, तितकी माणसं पैसे देऊन वरच्या मजल्यावर जेवायला जातात. म्हणून मला वाटतं, आचाऱ्याचा हात वाईट झालेला नाही. जेवणारा पाहुणा होता तो डोक्यांच्या हिशेबातला आकडा झाला, आणि आकड्याला उत्तर द्यावं लागत नाही.

आकड्याची गोष्ट निघालीच आहे तर २०२० चा फेब्रुवारी आठवावा. जपानच्या योकोहामा बंदरात 'डायमंड प्रिन्सेस' अडकली होती. जहाजावर ३,७११ माणसं, त्यांत १३८ भारतीय, आणि त्यांतले १३२ जण नोकरीला. प्रवाशांना आपापल्या खोलीत बंद राहायला सांगितलं. त्यांच्या दारापर्यंत तीन वेळचं ताट कोण नेत होतं? हीच पोरं. एका खोलीत दोघं-चौघं झोपत होती, एकत्र जेवत होती. सातशेहून जास्त माणसांना लागण झाली. आपल्या काही मुलांनी व्हिडिओ करून सरकारला विनवलं, आम्हाला वेगळं ठेवा, घरी न्या. त्या दिवसांत गोव्यातल्या किती घरांत ताट पुढे असून घास उतरला नसेल.

आपल्या लोकांचं क्रूझवर जाणं आता नवं नाही. कॉर्डेलिया कंपनीचं 'एम्प्रेस' जहाज २०२१ पासून मुंबईहून गोव्याला, लक्षद्वीपला जातं, आणि त्यावर जैन जेवण मिळतं. हे जहाजही १९९० साली 'नॉर्डिक एम्प्रेस' या नावाने अमेरिकेच्या सहलींसाठीच बांधलेलं. ज्या समुद्रावर एका मुलाला वेटरला विचारायचं धाडस झालं नव्हतं, तिथे आज कांदा-लसूण-बटाट्याशिवायचं ताट मागून मिळतं, ही काही लहान गोष्ट नाही. वीरचंदजींना हे बघायला मिळायला हवं होतं.

तरी आपल्या बायकांची बॅग मोकळी जात नाही. आमच्या मंडळातल्या तिघी जणी नवऱ्यांबरोबर परदेशातल्या एका क्रूझवर गेल्या होत्या. जैन जेवण म्हणून सांगून ठेवलेलं. चार दिवस उकडलेल्या भाज्या, गार भात आणि केळी. पाचव्या दिवशी कडक भाकरी, शेंगाची चटणी, मेतकूट आणि करदंटाचा डबा निघाला. शेजारच्या खोलीतलं गुजराती जोडपं खाकरे घेऊन आलं. "सगळ्या ट्रिपमधलं तेवढं एक जेवण लक्षात आहे बघा," असं त्यांतल्या एकीचे यजमान सगळ्यांना सांगत असतात. ती मात्र एकदा मला हळूच म्हणाली, "वैनी, निघायच्या आधी आठ दिवस मी भाकरीच बडवत होते. सुट्टी त्यांची झाली." मी यावर काही बोलले नाही. पण आठवणीतल्या चवीबद्दल जेवढं लिहिलं जातं त्यात हे वाक्य कुठेच सापडत नाही. मायेची चव म्हणजे कुणाचे तरी आठ दिवस असतात. क्रूझचं खरं आकर्षण बाईला हेच तर होतं की आठ दिवस चूल पेटवायची नाही, कुणीतरी आपल्याला बसवून वाढेल. तिथलं ताट घसरलं की ते काम फिरून तिच्याकडेच येतं.

'फ्रान्स', म्हणजे 'नॉर्वे', शेवटी आपल्याकडेच आली. २००६ मध्ये तिला गुजरातच्या अलंगच्या किनाऱ्यावर मोडायला आणलं. आत अ‍ॅस्बेस्टॉस होतं, त्यावरून सर्वोच्च न्यायालयापर्यंत वाद गेला, २००७ मध्ये परवानगी मिळाली आणि मजुरांनी ती तोडली. अलंग भावनगर जिल्ह्यात येतं. त्याच जिल्ह्यात आपलं पालिताणा, आणि वीरचंदजींचं महुवाही त्याच जिल्ह्यातलं. अलंगच्या रस्त्याला लागून मोडलेल्या जहाजांच्या सामानाची दुकानं आहेत. गाद्या, आरसे, मोठमोठी पातेली, कपबशा, काटेचमचे. शत्रुंजयाच्या यात्रेला गेलेल्या आपल्या बायका कधी तिकडून गेल्या तर स्टीलची थाळी उचलून वजन बघतील, घासाघीस करतील. त्या थाळीत कोण कोण जेवलं, हे तिच्यावर लिहिलेलं नसतं.

हे सगळं वाचून मी एवढं ठरवलंय. 'पूर्वीसारखं जेवण राहिलं नाही' असं कुणी म्हटलं की मी नाही म्हणत नाही. बहुतेक वेळा ते खरंच असतं. पण बरोबर दोन गोष्टी विचारते. तेव्हा खालच्या वर्गात काय वाढलं जात होतं? आणि रांधणारा केव्हा जेवायचा? जहाजावर सगळे उठल्यावर, खाली, उरल्या वेळात तारवटी आपला करी-भात खायचा. आपल्या घरांतही सूर्य मावळायच्या घाईत सगळ्यांना वाढून झाल्यावर एक जण उभ्या उभ्या दोन घास घेते, किंवा उशीर झाला म्हणून पाण्यावर राहते. यंदा सहलीला जाल तेव्हा जहाज असो की धर्मशाळा, वाढणाऱ्याला नाव विचारा, जेवलात का विचारा. आणि डबा भरायचाच असेल तर भाकऱ्या थापायला घरातल्या सगळ्यांना बसवा.